मशीन थांबेल तो जिंकेल

टीव्हीवरच्या मालिकांना वर्षातून एकदा बक्षिसं वाटतात आणि त्याचा मोठा सोहळा दाखवतात. त्यात नायक कोण जिंकणार, नायिका कोण जिंकणार हे शेंबडं पोरही सांगेल. ज्याची मालिका जास्त चालते त्याला मिळतं, विषय संपला. खरी परीक्षा असते ती विनोदी मालिकेतल्या पाहुण्या कलाकाराच्या बक्षिसाची. पाहुणा कलाकार म्हणजे एका भागापुरता येणारा माणूस. कधी घर दाखवायला आलेला दलाल, कधी चुकीच्या दारात उभा राहिलेला नवरदेव, कधी मीटर बघायला आलेला वायरमन. वीस मिनिटं हसवतो आणि जातो. अशा पाच जणांतून एक ओळखायचा तर डोकं लागतं, आणि ते डोकं माझ्याकडं होतं. ही बढाई नाही. चार वर्षं लागोपाठ मी सांगितलेलं नाव निघालं, आणि सांगताना मी कधी 'बहुतेक' हा शब्द वापरला नाही.

माझं शिवणाचं दुकान कसबा बावड्यात, कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत, विहाराला लागून. दहा बाय दहाची खोली, दोन पायमशिनी, हुक-काजं करायला दोन मुली. ब्लाऊज, परकर, फॉल, पिको. नव्वदच्या सुमाराला मी शिवण शिकले तेव्हा टीव्ही घरात असायचा. दुकानात आला तो केबल आल्यावर. घरच्यांना वाटलं, हिचं कामातलं लक्ष उडणार. झालं उलटं. टीव्ही चालू असला की बायका बसतात, आणि बसलेली बाई एका ब्लाऊजच्या जागी दोन टाकते.

आता माझी पद्धत सांगते. शिवणारी बाई टीव्ही बघत नाही, ऐकते. सुईजवळ बोट असताना मान वर करायची सोय नसते. दिवसभर मालिकांमधली हजार वाक्यं कानावरून जातात आणि मशीन चालू राहतं. पण एखादं वाक्य असं येतं की पायडलवरचा पाय आपोआप थांबतो आणि मान वर जाते. तेवढ्यात बाकीच्यांकडं बघावं. हुक लावणाऱ्या मुलीची सुई हवेत असते, माप द्यायला आलेली बाई तोंड उघडं टाकून उभी असते. विनोदी मालिकेत पाहुणा आला आणि माझं मशीन थांबलं, की त्याचं नाव मी कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवायचे. मशीन थांबेल तो जिंकेल. एवढंच माझं शास्त्र.

यातली एक बारीक गोष्ट कळायला मात्र मला दोन वर्षं लागली. नुसतं हसून मशीन थांबत नाही. हसता हसता शिवता येतं, मी रोजच शिवते. थांबतं ते हसू येता येता घशात काहीतरी अडकलं की. बक्षीस देणारीही माणसंच असतात. ढिगानं विनोद बघून त्यांचाही जबडा दुखत असणार. शेवटी त्यांच्याही लक्षात तोच राहतो, ज्यानं हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणलं. जो नुसता ओरडतो, आपटतो, लुगडं नेसून नाचतो, त्याला टाळ्या मिळतात. बक्षीस मिळत नाही.

एका वर्षी सिनेमातला एक फार मोठा नट अशाच एका मालिकेत पाहुणा म्हणून आला होता. सगळी गल्ली म्हणाली, त्यालाच मिळणार. मी म्हटलं, अजिबात नाही, त्या भोंदू ज्योतिषिणीचं काम करणाऱ्या म्हातारीला मिळणार. सगळ्यांचे हात बघून झाल्यावर ती हळूच स्वतःचा हात बघते आणि पटकन पदराखाली घेते, तिथं माझं मशीन थांबलं होतं. शेजारच्या तालमीतली पोरं माझ्याशी मिसळीची पैज लावून गेली. म्हातारीचं नाव पुकारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मिसळ आली, वर कटाचा डबा वेगळा. तालमीचा अध्यक्ष दारात उभा राहून म्हणाला, "ताई, तुमचा नाद करायचा न्हाय."

"करूच नका," मी म्हटलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाला एक नवरा-बायको राहायचे. सगळी गल्ली त्यांना मामा आणि मामी म्हणायची. मामा कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाच्या गाड्या वजनाला लागायच्या तिथं त्यांची खुर्ची. पण जीव सगळा सिनेमात. कोल्हापुरात शूटिंग असलं की मामा रजा टाकायचे आणि जायचे. जत्रेतला माणूस, पंचायतीतला माणूस, वरातीतला माणूस, अशी तीस वर्षं त्यांनी गर्दीत काढली. सिनेमा बघताना मामी बोट दाखवायची, "त्यो बघ, पटक्यावाल्याच्या मागं," आणि आपण बघेपर्यंत मामा गेलेले असायचे. मामीच्या सख्ख्या भावाच्या लग्नाला मामा नव्हते, कारण त्या दिवशी कागलजवळच्या एका माळावर ते पोलिसाची टोपी घालून उभे होते. मामी त्यांना एका शब्दानं बोलली नाही. आमच्यापाशी मात्र त्यांच्याविषयी भरपूर बोलली.

मामा रिटायर झाल्यावर दोन-तीन वर्षांनी त्यांना मुंबईहून फोन आला. जुन्या ओळखीचा एक मॅनेजर आता एका विनोदी मालिकेचं काम बघत होता. गावाकडचा पाहुणा करणारा नट आजारी पडला होता आणि शूटिंग दुसऱ्या दिवशी होतं. मामा त्याच संध्याकाळी ट्रॅव्हल्समध्ये बसले.

तो भाग लागला तेव्हा मामी माझ्या दुकानात स्टुलावर बसली होती. गोष्ट साधी होती. मुंबईच्या एका फ्लॅटमधली माणसं पाण्याची टाकी धुणाऱ्या माणसाची वाट बघत असतात. तेवढ्यात गावाकडून सुनेचा मामा येतो. बाकीच्यांना तो टाकीवालाच वाटतो. कुणी त्याला बोलू देत नाही, हातात ब्रश आणि बादली देतात आणि वर चढवतात. बिचारा टाकी धुतो. खाली आला की म्हणतात, आता बाथरूमची नळी बघ. तीही बघतो. आम्ही पोट धरून हसत होतो. शेवटी त्याला पैसे द्यायला लागतात, तेव्हा चिंब भिजलेला तो माणूस पिशवीतनं गुळाची ढेप काढतो, टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "आता तरी पोरीला बोलवा की. मी तिचा मामा हाय."

माझं मशीन थांबलं. मुलींच्या सुया थांबल्या. गल्लीतून जाणारा दूधवाला सायकल धरून दारात उभा राहिला होता, त्यानं डोळे पुसले.

मामी म्हणाली, "घरात एक घागर उचला म्हटलं तर उठत न्हाईत, आनि हितं टाकी घासली." पण पदर तिनंही डोळ्याला लावला.

पुढं बक्षिसाच्या पाच नावांची यादी पेपरात आली. त्यात मामा होते. तालमीची पोरं पेपर घेऊन सरळ माझ्या दुकानात आली. मी कॅलेंडर काढलं, मागची नावं वाचली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "मामा जिंकले. सोहळा व्हायचा राहिलाय, एवढंच." पोरांनी शिट्ट्या मारल्या. मामा दुकानाच्या पायरीवरच उभे होते. ते म्हणाले, "अगं, चारजण माझ्यापेक्षा मोठी मानसं हाईत." मी म्हटलं, मामा, मोठ्या माणसांचं मला काय सांगता, मशीन थांबलंय माझं.

मुंबईहून दोघांचा पास आला होता. मामी गेली नाही. म्हणाली, "ततं कोन वळखीचं न्हाय. मी आपली हितंच बघीन, समद्यांच्यात बसून." मामा एकटेच गेले.

इतकी वर्षं आम्ही समजत होतो की आपण बघतोय तेव्हाच तिकडं सोहळा चाललेला असतो. त्या वर्षी कळलं की सोहळा आधीच होऊन जातो आणि टीव्हीवर नंतर दाखवतात. मामा मंगळवारी सकाळी परत आले, आणि टीव्हीवर दाखवणार होते तिथून बाराव्या दिवशी, रविवारी संध्याकाळी. ट्रॅव्हल्समधून उतरले तोवर निम्मी गल्ली स्टॉपवर जमली होती. काय झालं, काय झालं? मामांनी हातातली पिशवी खांद्याला लावली, हसले आणि म्हणाले, "टीव्हीवर येईपातूर बोलू नका म्हनून सांगितलंय."

इथं आमच्या लोकांनी जे केलं ते फक्त आमचेच लोक करू जाणोत. तालमीत बसून त्यांनी विचार केला. हरलेल्या माणसाला कोण कशाला गप्प बसवेल? गप्प बसवतात ते जिंकलेल्याला. वर ताईंनी आधीच सांगितलंय. म्हणजे मामा जिंकले. आता उरला सत्कार. कोल्हापुरात सत्काराला कारण मिळालं की निकालासाठी कुणी थांबत नाही. मिरवणुकीला ट्रॅक्टर-ट्रॉली ठरली, ती देणारा काट्यावरच्या ओळखीचा ऊसवाला होता. हलगीवाला ठरला. फेटा आला. फ्लेक्स तर तीन दिवसांत छापून तालमीत येऊन पडला. मी बघायला गेले होते. वर तीनदा 'अभिनंदन' लिहिलेलं, मध्ये मामांचा बादली घेतलेला फोटो, आणि खाली पंचवीस पोरांचे गॉगल घातलेले फोटो. पोरांचे फोटो मोठे होते.

मी काय करत होते? मी माझ्या पाचव्या विजयाची वाट बघत होते. मामांच्या हसण्यात काही वेगळं आहे का, हे मी बघितलंच नाही. ज्याचं नाव मी एकदा सांगितलं त्याच्याकडं परत बघायची मला सवय नव्हती.

पुढच्या मंगळवारी दुपारी मामा दुकानात आले. त्या वेळेला गिऱ्हाईक नसतं आणि मुली जेवायला घरी जातात. त्यांच्या हातात ब्लाऊज पीस होता, अंजिरी रंगाचा.

"मामीनं साडी घेतलीया, त्या रविवारी नेसायला. माप जुनंच हाय म्हनाली."

मी पीस घेतला, वहीत लिहिलं. मामा गेले नाहीत. स्टुलावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "पोरी, मला न्हाई मिळालं."

मी विचारलं, "मग कुणाला मिळालं?"

बहिऱ्या बँडवाल्याचं काम करणाऱ्या नटाला मिळालं होतं. माझ्या कॅलेंडरवर तो कुठंच नव्हता. मी म्हटलं, असं होणारच नाही, तुम्ही नीट ऐकलं होतं का?

मामा हसले. "माझ्या शेजारच्या खुर्चीवरनं उठून गेला की त्यो. माझा पाय त्याच्या वाटंत हुता, म्या बाजूला घेतला."

आज लिहिताना मला लाज वाटते ती याची, की त्या माणसाच्या तोंडाकडं बघायच्या आधी मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

मग मामांनी काम सांगितलं. "तू गल्लीला सांग, मामा पडनार म्हनून. तुझं ऐकत्यात."

"तुम्हीच सांगा की. तुमचा काय गुन्हा आहे?"

"म्या सांगिटलं की एकेकाचं तोंड बघाय लागंल मला. त्या पोरांनी फेटा आनलाय. तू सांगिटलंस तर तुला शिव्या देत्याल, चार दिवस तुझ्यावर रागवत्याल, आनि रविवार येईपातूर त्यास्नी सवय हुईल."

"आणि मामीला?"

मामांनी माझ्या हातातल्या अंजिरी कापडाकडं बघितलं. "तिला बी तूच सांग. तीस वर्सं म्या तिला म्हनत आलोय, एक दिवस बघ. एकदा तरी बघशील. आता तिच्यापुढं उभं ऱ्हाऊन न्हाई मिळालं म्हनायचं, ते न्हाई जमत मला."

मी हो म्हटलं. मला मामांची कीव आली, हे खरं. पण आणखी एक विचार त्याच वेळी मनात आला होता, तोही खरा. आता मी नाव बदललं तर पाचव्या वर्षीही माझंच बरोबर ठरणार होतं.

बुधवारी सकाळी मी तालमीच्या अध्यक्षाला बोलावून सांगितलं की मी परत विचार केलाय, मामांना मिळत नाही, बँडवाल्याला मिळतं, ट्रॉली आणि मिरवणूक रद्द करा. त्याला आधी चेष्टा वाटली. मग त्याचा चेहरा बदलला. "ताई, सगळं ठरल्यावर नाट लावताय व्हय? बावड्याचा मानूस मोठा झालेला बघवत न्हाय का?"

नाट, दृष्ट, अपशकुन हे आमच्या घरातून आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच बाहेर काढलं होतं. पण गल्लीत ते अजून सुखानं नांदत होतं. दुपारपर्यंत माझं नाव झालं. एक बाई दारातूनच विचारून गेली, तुझं काय वाकडं केलंय मामांनी? दुसरी म्हणाली, हिला डोक्यावर चढवलं तेच चुकलं. दोन्ही मुली माझ्याशी दिवसभर बोलल्या नाहीत, आणि पगार मी देत होते. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, रविवारी बघा. मला राग आला होता, पण भीती अजिबात वाटत नव्हती. ज्याला निकाल माहीत असतो त्याला कसली भीती?

गुरुवारी मामी ब्लाऊज घालून बघायला आली. पडद्यामागं जाऊन घातलं, बाहेर येऊन आरशासमोर उभी राहिली. अंगात चपखल बसलं होतं. आरशातूनच तिनं मला विचारलं, "काय गं, लोकं म्हनत्यात ते खरं हाय? तू नाव बदाललंस?"

"बदललं."

"मशीन थांबलं हुतं की तुझं. मी हितंच बसलते."

"बँडवाल्यालाही थांबलं होतं, मामी. तुम्ही त्या दिवशी नव्हता." हे खोटं होतं. बँडवाल्याच्या भागात मी तीन परकर शिवून काढले होते. पण मी बोलत राहिले. बहिऱ्याचं काम अवघड असतं, मुंबईच्या लोकांना तसलंच आवडतं, मामांचं काम शेवटच्या दोन मिनिटांतच भरलंय. माझ्या पद्धतीनं, माझ्या ठणठणीत आवाजात सगळी कारणं सांगितली. ऐकणाऱ्याला पटतील अशीच होती.

मामीनं ऐकून घेतलं. ब्लाऊजची बाही ओढून सरळ केली. मग जवळ येऊन आवाज खाली आणून म्हणाली, "बरं, असू दे. पर ह्यास्नी नगं सांगूस हां. कुनाला सांगू दिऊ बी नगस. मन मोडंल त्येंचं. रातच्याला झोपत न्हाईत अलीकडं, त्या रविवारचाच इचार करत्यात जनू."

तिथं मी तोंड उघडायला हवं होतं. सगळ्या गल्लीत फक्त मला माहीत होतं की दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवताहेत. मी फक्त म्हटलं, "नाही सांगत." आणि ब्लाऊज कागदात गुंडाळून दिलं.

रविवारी संध्याकाळी दुकानातला टीव्ही पायरीवर आणून ठेवला. सतरंज्या टाकल्या. बायका पुढं, पोरं मागं उभी. चिडून का होईना, पोरांनी ट्रॉली रद्द केली होती, पण हलगीवाला हलगी पोत्यात गुंडाळून आलाच होता, म्हणाला आलोय तर बघून जातो. मामा पांढरा शर्ट घालून खुर्चीवर बसले, शेजारच्या खुर्चीवर मामी. अंजिरी साडी तिला फार शोभत होती. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.

नाच झाले, गाणी झाली, दोन-चार बक्षिसं झाली. मग पाहुण्या कलाकाराची पाळी आली. पाचही जणांचा एकेक तुकडा दाखवला. मामा टाकीतून चिंब होऊन बाहेर आले तेव्हा गल्लीनं अशी शिट्टी मारली की विहाराच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. टीव्हीवर खुर्चीत बसलेले मामाही क्षणभर दाखवले. हे तीस वर्षांत पहिल्यांदा झालं होतं, मामा स्वतः म्हणूनच, एकटे, पडदाभर, कुणाच्याही मागं नाहीत. मामी ताठ बसून बघत होती. तिनं बोट दाखवलं नाही. गरज नव्हती.

मग एका बाईनं पाकीट उघडलं. आत बघितलं, हसली, आणि नाव घ्यायच्या आधी थांबली, तशा त्या नेहमीच थांबतात. वाजंत्री वाढत गेली. सगळी गल्ली श्वास धरून बसली होती. तेवढ्यात मामांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

नाव अजून घेतलेलं नव्हतं. दोन सेकंदांचा फरक असेल. पोरांच्या ते लक्षातही आलं नाही. पण मामीनं मान वळवली आणि आधी मामांच्या हाताकडं बघितलं. नंतर मागं वळून माझ्याकडं.

बँडवाल्याचं नाव पुकारलं. मग अध्यक्ष पुढं आला आणि म्हणाला, "ते त्येंचं बक्षीस. आमचं हितं हाय." आणि त्यानं मामांना फेटा बांधायला घेतला. हलगी सुटली. मामा नको नको म्हणत हसत होते, दोन बायका रडत होत्या, आणि पोरं मामांना खांद्यावर घेऊन विहारापर्यंत जाऊन आली. फ्लेक्सवर अभिनंदन कशाबद्दल ते छापायचं राहून गेलं होतं, त्यामुळं तोही दुसऱ्या दिवशी लागला. मला एकजण येऊन म्हणाला, "खरं ठरलं बघा तुमचं." त्याच्या आवाजात कौतुक होतं की शिवी, ते मी त्याला विचारलं नाही.

सतरंज्या गुंडाळताना मामी माझ्याजवळ आली.

"तुला कवा सांगिटलं ह्यांनी?"

खोटं बोलावं असं मला वाटलंच नाही. "मागच्या मंगळवारी."

"म्हंजी ह्यो पीस घिऊन आलते तवा."

"व्हय."

"आनि मी तुला गुरवारी म्हनले, ह्यास्नी सांगू नगस. तवा तुला ठावं हुतं."

मी मान डोलावली.

मामीचा आवाज चढला नाही. "बारा दिस हा मानूस माझ्या शेजारी बसून जेवला. मी रोज काय ना काय गोड वाढत हुते, म्हनलं काळजीत हाईत. मी काय त्या बक्षिसासाठी बसलते व्हय गं? मला सांगिटलं असतं तर दोघं मिळून रडलो असतो. झालं असतं." थोडं थांबून म्हणाली, "त्येंचं जाऊ दे. त्यास्नी लाज वाटली आसंल. तू बाई हाईस. तुला कळाय पायजे हुतं."

तिकडून मामा आले, डोक्यावर फेटा, गुलालानं कान लाल. मामीनं त्यांच्या शर्टावरचा गुलाल झटकला, "चला, भाकरी थापायच्या हाईत," म्हणाली आणि दोघं गल्लीच्या तोंडाकडं चालत गेले. तिनं त्यांचं मनगट धरलं होतं.

गल्लीचा राग आठवड्याभरात निवला. पुढच्या वर्षीही मी पाहुण्या कलाकाराचं नाव सांगितलं आणि तेच निघालं, त्याच्या पुढच्या वर्षीही. पोरं मिसळ आणायची. मामी माझ्याशी बोलायची बंद झाली नाही, रस्त्यात भेटली की "बरी हाईस का?" म्हणायची, मामांच्या गुडघ्याचं सांगायची. फक्त ब्लाऊज टाकायला आली नाही. त्याच वर्षी मी मुलींना छातीठोक सांगितलं, दिवाळीला येते की नाही बघा, तिच्या मापाचं ब्लाऊज बावड्यात दुसरं कुणी शिवूच शकत नाही. दिवाळी गेली. मग म्हटलं, संक्रांतीला येईल, काळी साडी ती घेतेच.

संक्रांतीच्या दिवशी काळी साडी नेसून, हातात तिळगुळाचा डबा घेऊन मामी दुकानावरून गेली. मी मशीन थांबवलं आणि दारात आले. ती पाठमोरी जात होती आणि तिच्या ब्लाऊजला मागं झोळ पडला होता. माझ्या हातचं असतं तर पडला नसता.